काळ्या दगडाची स्मृति

बुद्धीनें मंद अशा मुलास 'दगड' म्हणण्याची आम्हां शाळामास्तरांच्या धंद्यांत फार जुनी चाल आहे. ज्याच्यावर कितीही घासलें तरी कांहीं उमटत नाहीं, आणि उमटलेंच तर राहत नाहीं, तो दगड, असा या शब्दाचा आमच्या कोशांतील अर्थ. परंतु ज्या दगडावर आपण पनवेलकर पिढ्यानुपिढ्या घरें बांधून राहिलों, त्या दगडाची स्मरणशक्ति अशी आहे कीं, तिच्यापुढें एकपाठी म्हणून नांवाजलेल्या विद्यार्थ्यानेंही हात जोडावे. त्यानें एक धडा एकदांच ऐकला, आणि तो साडेसहा कोटी वर्षें विसरला नाहीं. हा धडा कोणता, तो दगडाच्या कोणत्या पाटीवर लिहिला गेला, आणि तो वाचतां येण्यास कोणती एक अट पाळावी लागते, हें सांगण्याचा या लेखांत विचार आहे. ती अट आपल्या घरांसही लागू आहे, म्हणूनच हा विषय घरोघरीं जाणाऱ्या मासिकांत मांडण्याचें धाडस करतों. मी जन्मभर संस्कृत शिकविलें. पदार्थविज्ञान माझ्या अधिकारांतलें नव्हे. परंतु भूगर्भशास्त्र शिकलेला माझा एक जुना विद्यार्थी अधूनमधून घरीं येतो. गुरुदक्षिणा म्हणून त्यानें हा विषय मला समजावून दिला, आणि पुढें वाचनानें त्याची गोडी वाढत गेली.

पनवेलच्या आसमंतांत, खाडीचा चिखल सोडला, तर कोठेंही कुदळ मारा. थोड्याशा मातीखालीं काळा दगड लागतो. कर्नाळ्याचा सुळका, प्रबळगड, माथेरानचे कडे हे सारे त्याच दगडाचे. जुन्या वाड्यांचीं जोतीं, देवळांच्या पायऱ्या, घरांतला पाटा-वरवंटा आणि जातें हींही त्याचींच. शास्त्रांत यास बेसाल्ट म्हणतात. सुमारें सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून शिलारस उसळून बाहेर आला, थरावर थर पसरत गेला, आणि थिजून त्याचे हे डोंगर झाले. इतकी झीज होऊनही आज सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश या दगडाखालीं आहे. आपला बहुतेक महाराष्ट्र या एकाच पाटावर बसलेला आहे, असें म्हटलें तरी चालेल.

या दगडाचा थोडा भुगा करून कागदावर पसरावा आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवावा. कांहीं काळे कण उभे राहून चुंबकामागें चालूं लागतात. नदीकांठच्या वाळूंतही असे कण पुष्कळ सांपडतात. हे मॅग्नेटाइट नांवाच्या लोहखनिजाचे कण. आपल्या दगडांत त्याचें प्रमाण अल्प, शेंकडा कांहीं भाग इतकेंच, आणि त्यांत टायटेनियम धातूची थोडीबहुत भेसळ असते. कण बहुधा डोळ्यांस दिसणार नाहींत इतके बारीक. परंतु दगडाची सारी स्मृति या अल्प भागांतच सांठविलेली आहे. उरलेला दगड म्हणजे नुसती पाटीची चौकट म्हणाना.

लोखंडास ओढणारा हा पदार्थ आपल्या पूर्वजांस चांगला ठाऊक होता. संस्कृतांत त्यास अयस्कांत, म्हणजे लोखंडाचा प्रियकर, असें सुंदर नांव आहे, आणि कालिदासानें 'कुमारसंभवां'त उमेच्या सौंदर्यानें शंकराचें मन ओढलें जाण्यास याचीच उपमा दिली आहे. कणादमुनींची दृष्टि कवीची नव्हती. मण्याकडे सुई सरकते ती कशामुळें, हा प्रश्न त्यांनीं वैशेषिक सूत्रांत घेतला आणि या गतीचें कारण 'अदृष्ट' असल्याचें सांगितलें. ज्यानें जगाची उपपत्ति परमाणूंवरून लावली, त्यानें या ठिकाणीं 'कारण दिसत नाहीं' असें स्वच्छ लिहून ठेवावें, हें मला फार प्रामाणिकपणाचें वाटतें. तें अदृष्ट दृष्टीच्या टप्प्यांत येण्यास विसावें शतक उजाडावें लागलें, आणि गंमत अशी कीं, तें सांपडलें परमाणूंच्याच रचनेंत.

ही रचना थोडक्यांत अशी. अणूंतील प्रत्येक इलेक्ट्रॉनास स्वतःभोंवतीं गिरकी घेण्यासारखा एक जन्मजात गुण असतो, आणि त्यामुळें प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक अतिसूक्ष्म लोहचुंबकच असतो. बहुतेक पदार्थांत हे जोडीजोडीनें राहतात. एकाचें तोंड वर, तर दुसऱ्याचें खालीं. म्हणून बेरीज शून्य. लोखंडाच्या अणूंत मात्र कांहीं इलेक्ट्रॉन जोडीवांचून राहतात आणि सबंध अणूसच चुंबकाचें रूप येतें. परंतु एवढ्यानें भागत नाहीं. कोट्यवधि अणूंचीं तोंडें कोट्यवधि दिशांस असतील, तर एकानें ओढलेलें दुसरा ढकलून देईल. म्हणजे खरा प्रश्न शक्तीचा नाहीं, शिस्तीचा आहे. शेजारशेजारचे अणु एका दिशेस तोंड करतात ते कोणाच्या सांगण्यावरून?

फ्रान्समधील पिएर वाइस यानें इ. स. १९०७ मध्यें असें सुचविलें कीं, पदार्थाच्या आंतच एक प्रबळ क्षेत्र असतें आणि तें अणूंस रांगेंत धरतें. त्यानेंच असेंही मांडलें कीं, लोखंडाच्या तुकड्यांत निरनिराळ्या आळ्या असतात. प्रत्येक आळींतील अणूंचें एकमत, पण आळीआळींची दिशा वेगळी. म्हणूनच साधा खिळा आपण होऊन चुंबक नसतो. चुंबक जवळ नेला म्हणजे अनुकूल आळ्या वाढतात व खिळा चुंबक बनतो. हें आंतील क्षेत्र येतें कोठून, याचा उलगडा इ. स. १९२८ मध्यें जर्मनीच्या हायझेनबर्गनें केला. दोन चुंबकांमधील ओढाताण या कामास फारच अपुरी पडते. शेजारच्या अणूंतील इलेक्ट्रॉन एकमेकांपासून ओळखूं येत नाहींत आणि जागांची अदलाबदल करूं शकतात. क्वांटम शास्त्राच्या या नियमामुळेंच कांहीं पदार्थांत समान दिशा राखणें त्यांना स्वस्त पडतें. शेजारधर्मानें आलेली ही शिस्त आहे. बाहेरच्या हुकुमाची नव्हे.

पुढें असें दिसून आलें कीं, शिस्तीचेही प्रकार आहेत. वर्गांतील सर्व मुलें फळ्याकडे तोंड करून बसतात, हा एक प्रकार. लोखंड, निकल, कोबाल्ट यांची रीत ही. दुसरा प्रकार आपल्या पंगतीचा. समोरासमोर दोन रांगा, पानापुढें पान. व्यवस्था पूर्ण, परंतु जितकीं तोंडें पूर्वेस तितकींच पश्चिमेस. अशा पदार्थांत अणु काटेकोर रांगेंत असूनही बाहेरून चुंबकत्वाचा मागमूस लागत नाहीं. फ्रान्सच्याच लुई नेल यानें ही कल्पना १९३० नंतरच्या दशकांत मांडली. परंतु जी शिस्त बाहेर दिसतच नाहीं ती आहे हें सिद्ध कसें करावें? तें इ. स. १९४९ मध्यें अमेरिकेंत ओक रिज येथें शल व स्मार्ट यांनीं केलें. न्यूट्रॉन हा कण स्वतःही सूक्ष्म चुंबकच असल्यामुळें अणूंच्या रांगेंतून जातांना त्यांच्या दिशांची बातमी घेऊन बाहेर पडतो. मँगनीजच्या एका अतिशय थंड केलेल्या प्राणिदावर न्यूट्रॉनांचा झोत सोडून त्यांनीं ती समोरासमोरची पंगत जगास दाखविली. नेल यास इ. स. १९७० मध्यें आणि शल यास इ. स. १९९४ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या खाडीपलीकडे ट्रॉम्बे येथेंही इ. स. १९५६ मध्यें सुरू झालेल्या 'अप्सरा' अणुभट्टीच्या काळापासून न्यूट्रॉनांच्या साहाय्यानें पदार्थांच्या अंतरंगाचा अभ्यास होत आला आहे.

तिसरा प्रकार आपल्या काळ्या दगडांतला. मॅग्नेटाइटांतही समोरासमोरच्या पंगतीच असतात, पण त्या सारख्या नसतात. लोखंडाचे तीन अणु घेतले, तर एक या बाजूस व दोन त्या बाजूस बसतात. समोरासमोरचे दोघे तुल्यबळ असल्यामुळें एकमेकांस निष्प्रभ करतात, आणि तिसऱ्याचें बळ शिल्लक उरतें. आपला अयस्कांत लोखंड ओढतो तो या उरलेल्या तिसऱ्याच्या जोरावर. ही विषम पंगत नेल यानें इ. स. १९४८ मध्यें उलगडून दाखविली.

आतां या शिस्तीचा शत्रु कोण, तें पाहूं. शिस्तीचा शत्रु उष्णता. उष्णता म्हणजे अणूंची थरथर; ती वाढली म्हणजे शेजारधर्म टिकत नाहीं, आणि एका ठराविक तपमानास सारी रांग एकदम मोडते. पिएर क्यूरी यानें इ. स. १८९५ मध्यें याचा पद्धतशीर अभ्यास केला, म्हणून त्या तपमानास त्याचें नांव आहे. लोखंडाचा क्यूरी-बिंदु सुमारें ७७०, मॅग्नेटाइटचा सुमारें ५८०, आणि निकलचा सुमारें ३५८ अंश सेल्सिअस. शाळेंत असतांना मी एकदां आठवीचीं मुलें गांवांतील लोहाराच्या भात्यापाशीं नेलीं होतीं. खिळा लालबुंद होईपर्यंत तापवून त्याच्याजवळ तारेस बांधलेला चुंबक नेला, तर खिळा ढिम्म हलला नाहीं. तांबूसपणा मावळूं लागला आणि तोच खिळा टचकन चुंबकास येऊन चिकटला. मुलांनीं टाळ्या पिटल्या. लोखंड तेंच, वजन तेंच. फक्त आंतील अणु पुन्हां रांगेस लागले होते.

लालबुंद खिळ्याची ही गोष्ट डोंगराएवढी करा, म्हणजे आपल्या दगडाचा धडा कळेल. शिलारस बाहेर पडला तेव्हां त्याचें तपमान हजार अंशांच्या वर होतें. निवतां निवतां तो प्रथम थिजून दगड झाला. पण तेव्हांही मॅग्नेटाइटच्या कणांत शिस्त नव्हती. आणखी निवल्यावर, टायटेनियमच्या भेसळीच्या मानानें कोणी आधीं कोणी नंतर, हे कण आपापल्या क्यूरी-बिंदूखालीं आले आणि त्यांतील अणु रांगेस लागले. रांग लावणें हें शेजारधर्माचें काम. पण रांगेचें तोंड कोणत्या दिशेस असावें? येथें पृथ्वीचें चुंबकत्व पुढें आलें. तें अतिशय दुबळें, मुलांच्या खेळण्यांतील चुंबकाच्याही पासंगास न पुरणारें. परंतु त्या क्षणीं दुसरें कोणी सांगणारें नव्हतें, म्हणून बहुसंख्य कण त्याचेंच ऐकून थोडेबहुत त्या दिशेस वळले. दगड आणखी थंड झाला आणि ती दिशा कायमची आंत कोंडली गेली. पुढें पृथ्वीचें चुंबकत्व बदललें, प्रत्यक्ष भूमि जागची हलली, तरी दगडांतील कणांनीं पहिली दिशा सोडली नाहीं. संस्कार कोवळ्या वयांतच व्हावे लागतात, असें आपण म्हणतों. दगडाच्या बाबतींत हें अक्षरशः खरें आहे.

या धड्यांत लिहिलें आहे तरी काय? पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रांत सुई मोकळी टांगली, तर ती नुसती उत्तर दाखवीत नाहीं. ती कमीजास्त झुकतेही. विषुववृत्तावर ती जवळजवळ आडवी, ध्रुवाकडे जावें तसतशी उभी. म्हणून दगडांतील दिशेच्या झुकण्यावरून, तो थिजला तेव्हां कोणत्या अक्षांशावर होता हें काढतां येतें. इ. स. १९५० नंतरच्या दोनचार वर्षांत केंब्रिज येथील अर्व्हिंगनें दख्खनचे दगड या दृष्टीनें तपासले. क्लेग, डॉइट्श व ग्रिफिथ्स या लंडनच्या मंडळींनीं इ. स. १९५६ मध्यें आपले निष्कर्ष छापले. आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील राधाकृष्णमूर्ति, आठवले व सहस्रबुद्धे यांनीं १९६० नंतरच्या वर्षांत हा अभ्यास पुष्कळ पुढें नेला. सर्वांचा निष्कर्ष एकच निघाला. हे दगड थिजले तेव्हां आपली भूमि विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें पंचवीस ते तीस अंशांवर होती. आज पनवेल एकोणीस अंश उत्तरेस आहे. म्हणजे हे डोंगर पाठीवर घेऊन भरतभूमि सुमारें पांच हजार किलोमीटर चालून आली, आणि वाटेंत थोडी डावीकडे वळलीही. भूखंडें सरकतात असें वेगेनर इ. स. १९१२ पासून सांगत होता व विद्वान त्यास हंसत होते. त्याच्या बाजूनें उभ्या राहिलेल्या भक्कम साक्षीदारांत आपला सह्याद्रि एक आहे.

आणखी एक नवल या दगडांत आहे. घाटाच्या खालच्या पुष्कळ थरांतील चुंबकाचें तोंड आजच्या नेमकें उलट आहे, आणि वरच्या कांहीं थरांत तें पुन्हां आजच्यासारखें होतें. थर उलटे झालेले नाहींत. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच मध्यंतरीं आपसांत बदलले. असें तिच्या इतिहासांत अनेकदां झालेलें आहे. शेवटचें सुमारें सात लक्ष ऐंशी हजार वर्षांपूर्वीं. शिलारस त्या दोन काळांच्या उंबरठ्यावर वाहत होता, आणि त्यानें दोहोंचीही नोंद ठेवली.

येथवर वाचून एखाद्यास वाटेल कीं, आपल्या दारांतील पायरीचा दगड उचलून न्यावा आणि शास्त्रज्ञाकडून त्याची कुंडली मांडून घ्यावी. माझ्याही मनांत तेंच आलें. आमच्या घरांत आजीच्या वेळेपासूनचा पाटा आहे, तो मी माझ्या विद्यार्थ्यापुढें ठेवला आणि म्हटलें, "बाबा रे, हा काय म्हणतो तें सांग." तो क्षणभर पाट्यावरून हात फिरवीत राहिला आणि म्हणाला, "सर, याला सगळें आठवतंय. पण हा डोंगरांत कसा बसला होता, कोणतं तोंड वर होतं, उत्तर कोणीकडे होती, हें कोणी लिहून ठेवलेलं नाहीं. आतां त्याची दिशा मोजतां येईल, पण ती कशाशीं ताडून पाहायची?"

या उत्तरांत सर्व विषयाचें सार आहे. दगड डोंगरापासून सोडविण्यापूर्वीं शास्त्रज्ञ त्याच्यावर एक आडवी रेघ आणि उत्तरेचा बाण काढतात, उतार मोजतात, जागा टिपून घेतात, आणि मगच तुकडा काढतात. येथें दगड स्वतःच चुंबकीय असल्यामुळें होकायंत्राची सुई फसण्याचा संभव असतो. म्हणून सूर्याच्या सावलीवरून उत्तर ठरविण्याची रीत आहे. शंकु रोवून त्याच्या छायेवरून दिशा साधण्याची ही युक्ति शुल्बसूत्रांत यज्ञभूमीकरितां सांगितलेली आहे. ती आज वेगळ्या यज्ञास उपयोगी पडते, हें पाहून माझ्यासारख्या जुन्या मनुष्यास समाधान वाटतें. पनवेलीस आणखी एक खबरदारी लागते. आपल्याकडील दगडाचे थर सपाट नाहींत. ते पश्चिमेस समुद्राकडे कललेले आहेत, आणि या कलत्या पट्ट्यास भूगर्भशास्त्रांत आपल्या गांवाचेंच नांव आहे. मागाहून आलेला हा कल मोजून वजा केल्यावांचून मूळची दिशा हातीं लागत नाहीं. सारांश, आंतील स्मृति कितीही अभंग असो. दगड कोठला आणि कसा बसला होता हें ठाऊक नसेल, तर ती वाचतां येत नाहीं. स्मृति दगडाची, परंतु तिचा अर्थ जागेशीं बांधलेला.

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या भोंवतालचे दगड फार मोठ्या प्रमाणावर जागा सोडीत आहेत. खाणींनीं टेकड्या पोखरल्या आहेत. उलव्याची टेकडी तर सुरुंगांनीं फोडून सपाट केली, तिच्या दगडानें सखल दलदल भरली, आणि त्या जागीं झालेल्या नव्या विमानतळाचें उद्घाटन इ. स. २०२५ च्या ऑक्टोबरांत झालें. विमानतळ नको होता असें मी म्हणत नाहीं. माझीं स्वतःचीं नातवंडें विमानानेंच येतात. परंतु भरावांत पडलेला त्या टेकडीचा प्रत्येक धोंडा आजही दक्षिण गोलार्धांतील ती दिशा आंत धरून आहे, आणि कोणाचें तोंड कोणीकडे झालें आहे हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं.

आमचा गांवांतला वाडाही असाच गेला. भाऊबंदांच्या वांटणीनंतर तेथें आतां मजल्यांची इमारत उभी आहे. जोत्याचे घडीव चिरे ठेकेदाराच्या मालमोटारींतून गेले. कोणाच्या बागेंत, कोणाच्या बांधास लागले असतील. माझ्या वांट्यास आला तो हा पाटा, आणि एक पत्र्याची पेटी. पेटींत जुन्या तसबिरी. पगड्या घातलेले पुरुष, नऊवारी नेसलेल्या बायका, मांडीवर अंगड्या-टोपड्यांतलीं मुलें. प्रत्येकाच्या डोळ्यांत कांहींतरी सांगण्यासारखें आहे. पण मागें नांव नाहीं, साल नाहीं, गांव नाहीं. पाट्यासारखीच गत. आंत सर्व शाबूत, आणि वाचतां येत नाहीं.

घर हलवितांना स्मृति तुटूं न देण्याची एक रीत आहे, आणि तिचें उदाहरण आपल्याच जिल्ह्यांत आहे. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत इ. स. १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापें नियमानें लिहिलीं जाऊं लागलीं. अलिबागेजवळच्या नागांवचे केरो लक्ष्मण छत्रे, जे पुढें मोठे गणिती म्हणून नांवारूपास आले, त्यांनीं कोवळ्या वयांत त्याच वेधशाळेंत प्रो. ऑर्लिबार यांच्या हाताखालीं काम केलें. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें. विजेच्या प्रवाहानें सुया बहकणार, म्हणून वेधशाळेचें चुंबकीय काम अलिबागेस हलविणें प्राप्त झालें. त्या वेळचे संचालक नानाभाई मूस यांनीं एका दिवसांत बिऱ्हाड हलविलें नाहीं. चुंबकावर परिणाम न करणाऱ्या साहित्याची इमारत अलिबागेस उभी करून इ. स. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं मापें घेतलीं. येथला आंकडा आणि तेथला आंकडा शेजारीं शेजारीं लिहिला गेला, म्हणजे एकाचें दुसऱ्याशीं नातें कायमचें ठरलें. यामुळें कुलाब्याची वही अलिबागेस अखंड चालूं राहिली, आणि तिची गणना जगांतील अत्यंत दीर्घ चुंबकीय नोंदींत होते. इ. स. १९७१ मध्यें स्वायत्त झालेली आणि हा वारसा सांभाळणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था आज आपल्या नव्या पनवेलींत आहे. आमच्यापैकीं पुष्कळांस हें ठाऊक नाहीं, म्हणून मुद्दाम लिहिलें.

कुलाब्याचा हा दोन वर्षांचा काळ मला फार शिकवून गेला. जुनें सुटण्यापूर्वीं आणि नवें लागल्यावर, दोहोंचीही ओळख असलेलें माणूस हातांत वही घेऊन बसलें पाहिजे. आमच्या कुटुंबांत असें माणूस म्हणजे माझी आत्या. वय नव्वदीच्या पुढें, एका डोळ्यानें दिसेनासें झालेलें. चार महिने दर रविवारीं मी पेटी घेऊन तिच्याकडे जात असें. तसबीर डोळ्याशीं धरून ती म्हणे, "ही आपली रेवदंड्याची काकू. नाकांतली नथ बघ, माझ्या लग्नांत घातली होती." कधीं चेहरा ओळखूं येत नसे, पण मागची भिंत ओळखूं येई : "हा आपला माजघराचा दरवाजा, तेव्हां अंगणांत प्राजक्त होता." मी मागें शिसपेनीनें नांव, नातें, जागा आणि अजमासें साल लिहीत असें. एकूण त्रेसष्ट तसबिरींपैकीं एक्केचाळीस अशा बोलत्या झाल्या. गेल्या आश्विनांत आत्या गेली. उरलेल्या बावीस मी तशाच जपून ठेवल्या आहेत. त्यांच्यामागें 'अज्ञात' असेंही लिहिलेलें नाहीं. न जाणो, कोणा दूरच्या आप्ताकडे त्यांचें उत्तर असेल.

माझीं मुलें परगांवीं व परदेशीं आहेत, आणि वाचकांपैकीं बहुतेकांचीं असतील. भूमिच जेथें पांच हजार किलोमीटर चालून आली, तेथें माणसांनीं जागा सोडूं नये असें कोण म्हणेल? हलण्यांत दोष नाहीं. मुलांच्या अंतरांत लहानपणीं जें रांगेस लागलें तें सहसा मोडतही नाहीं, असा माझा शाळेंतला अनुभव आहे. त्यांना लागते ती फक्त एक रेघ आणि एक बाण : आपण कोठून उचललों गेलों, आणि त्या वेळीं उत्तर कोणीकडे होती. ती खूण काढणें हें जे अजून जागेवर आहेत त्यांचें काम.

तेव्हां वाचकांस एवढीच विनंति कीं, येत्या रविवारीं घरांतील जुनी पेटी उघडावी. शिसपेन मऊ घ्यावी, कागदावर वण उठेल इतकी दाबूं नये. प्रथम नांव, मग नातें, मग गांव, मग साल. आणि ज्याच्याकडून हें कळलें त्याचें नांव शेवटीं. घरांत जें कोणी सर्वांत वडील असेल, त्याच्या शेजारीं उजेड पडेल अशा जागीं बसावें, आणि त्याला घाई करूं नये.